चाकूचा चौथा कारागीर

जपानी चाकू घ्यायचा म्हणून मोबाइलवर शोधायला लागलात, की तिसऱ्या मिनिटाला सामुराई हजर होतो. वेबसाइट कुठलीही असो, गोष्ट तीच असते. शेकडो वर्षांपूर्वी तलवारी घडवणारे हात, पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं गुपित आणि तेच गुपित आता तुमच्या कांद्या-टोमॅटोसाठी. खाली ‘कार्टमध्ये टाका’ असं बटण.

ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. उरलेली अर्धी वाचायला घेतली तेव्हा मला परंपरेपेक्षा बेकारी जास्त दिसली. कधी गिऱ्हाईक गेलं, कधी कायदा बदलला, कधी यंत्र आलं. दरवेळी भट्टीसमोरच्या माणसाला ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस. गेली सहा वर्षं ज्या कामाचा पगार घेतोय, त्यातलं बरंचसं आता कोड लिहिणारी मॉडेल्स करतात. ऑफिसात चहाच्या टेबलावर दुसरा विषय नसतो. त्यामुळे हा प्रश्न मला नुसता इतिहासातला वाटला नाही.

या माणसांवर आलेलं सगळ्यात विचित्र संकट होतं स्टेनलेस स्टीलचं. तलवारीवर बंदी येणं समजू शकतं. पण ज्याला काळजीच लागत नाही असा चाकू बाजारात आला, तर काळजीने चाकू बनवणाऱ्याचं काय होणार? या प्रश्नाचं उत्तर आज आपण विकत घेतो त्या चाकूत आहे. कुठला चाकू घ्यावा आणि तो कसा सांभाळावा, हेही त्याच उत्तरात आहे.

तंबाखूवर जगलेलं गाव

ओसाकाला लागून, दक्षिणेला साकाई नावाचं जुनं बंदर आहे. जपानमधल्या व्यावसायिक आचाऱ्यांच्या चाकूंमध्ये साकाईच्या चाकूंचा वाटा फार मोठा. पण इथल्या लोहारांनी नाव कमावलं ते स्वयंपाकघरासाठी नाही. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांच्या बंदुका पोचल्या आणि थोड्याच वर्षांत साकाईच्या भट्ट्या बंदुका घडवू लागल्या. त्याच शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखूही आला. जपानमध्ये तो किसेरू नावाच्या लांब, छोट्या तोंडाच्या चिलमीतून ओढत. त्यासाठी पान केसासारखं बारीक कापावं लागे आणि तसं कापायला फार धारदार, टिकाऊ पातं लागे.

ते पातं साकाईने बनवलं. इतकं चांगलं बनवलं, की एदो काळात शोगुनच्या सरकारने साकाईच्या तंबाखूच्या चाकूंवर खास शिक्का मारायची परवानगी दिली. आजच्या भाषेत सरकारमान्य ब्रँड. जाड पाठीचा, मासळीसाठीचा देबा चाकूही याच गावात सतराव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आला असं मानतात. पण पोट भरायचं ते तंबाखूवर.

मग १९०४ साल उजाडलं. रशियाशी युद्ध सुरू झालं होतं, सरकारला पैसा हवा होता. तंबाखूचा सगळा धंदा सरकारने स्वतःकडे घेतला. कारखाने आले, कापायची यंत्रं आली, सिगारेटी वाढल्या. हाताने पान कापणारा माणूस उरला नाही, तेव्हा त्याला चाकू विकणाराही अडचणीत आला. साकाईचे लोहार स्वयंपाकघराकडे वळले ते या दाराने.

बंदुका बनवणाऱ्यांचं काय झालं? नळी, स्क्रू, बारीक धातुकाम येणाऱ्या या गावाच्या हाती पुढे सायकल लागली. दुरुस्ती, मग सुटे भाग. १९२१ मध्ये साकाईत शिमानो नावाचा छोटा कारखाना सुरू झाला. तुमच्या गिअरच्या सायकलवर मागच्या चाकाजवळ हेच नाव असण्याची शक्यता बरीच आहे.

साकाईची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागेल. तिथे एक माणूस पूर्ण चाकू बनवत नाही. लोहार पातं घडवतो, दुसरा कारागीर धार काढतो, तिसरा मूठ बसवतो. तिघांच्या कार्यशाळा वेगळ्या आणि कामाची उमेदवारीही वेगळी. चाकू एकाकडून दुसऱ्याकडे जात जात तयार होतो.

बंदी, बीफ आणि जे दिसत नाहीत ते

आता सामुराईकडे येऊ. २८ मार्च १८७६ रोजी मेजी सरकारने हुकूम काढला की सैनिक, पोलीस आणि दरबारी पोशाखातले लोक सोडून कुणीही तलवार बाळगून हिंडायचं नाही. गिफू प्रांतातलं सेकी हे गाव मुरोमाची काळापासून तलवारींसाठी नावाजलेलं. एका कागदाने तिथलं मुख्य गिऱ्हाईक संपलं.

सेकीने खिशातले चाकू, कात्र्या, स्वयंपाकघरातली पाती बनवायला घेतली. आज ‘काई’ या नावाने जगभर विकणारी कंपनी १९०८ मध्ये सेकीत खिशातले चाकू बनवत सुरू झाली. दाढीची ‘फेदर’ ब्लेडं आपल्याकडच्या सेफ्टी रेझरवाल्यांना माहीत असतात. त्या कंपनीची मुळंही सेकीत, १९३२ सालात आहेत. मधल्या युद्धकाळात लष्करासाठी पुन्हा तलवारींचं काम आलं. १९४५ च्या पराभवानंतर अमेरिकी ताब्याखालच्या जपानमध्ये तलवारी घडवणं बंद झालं. म्हणजे एकाच गावाचा तोच धंदा दोनदा बुडाला.

याच सुमाराला जपानच्या ताटातही बदल झाला. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षातल्या ठरावीक महिन्यांसाठी बंदी घातली होती. पुढे बौद्ध विचारांच्या प्रभावाने चार पायांच्या जनावरांचं मांस शेकडो वर्षं बहुतेकांच्या ताटाबाहेरच राहिलं. १८७२ च्या जानेवारीत सम्राट मेजीने बीफ खाल्ल्याचं जाहीर झालं आणि पाश्चात्त्य जेवणाला अधिकृत दार उघडलं. युरोपी आचाऱ्यांच्या चाकूवर बेतून जपान्यांनी नवा चाकू घडवला, त्याचं नाव ग्युतो. शब्दशः अर्थ ‘गाईची तलवार’. विसाव्या शतकाच्या मध्याला घरगुती वापरासाठी आला सान्तोकु, म्हणजे ‘तीन गुण’: मांस, मासे, भाजी. आपण ज्याला पारंपरिक जपानी चाकू म्हणून पाहतो तो सान्तोकु वयाने आपल्या आजोबांच्या पिढीचा आहे.

आणखी एक गोष्ट वेबसाइटवर नसते. सगळे चाकू तलवारवाल्यांकडून आले नाहीत. खेड्यापाड्यांत विळे, कुदळी घडवणारे साधे लोहार होते. पश्चिम किनाऱ्यावरचं एचिझेन गाजलं ते विळ्यांमुळे. लाखेच्या झाडांचा चीक गोळा करायला गावोगाव हिंडणारे तिथले मजूर बरोबर विळेही विकत नेत. त्सुबामेची सुरुवात खिळ्यांपासून झाली. पुराने वारंवार पीक बुडणारा हा भाग, म्हणून शेतकरी जोडधंदा म्हणून खिळे ठोकत. परदेशी तारेचे खिळे आले, तो धंदा गेला. पुढे ते चमचे-काटे बनवू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्सुबामेचे स्टेनलेस चमचे अमेरिकेत इतके गेले, की १९५९ मध्ये अमेरिकेने या आयातीवर कोटा लावला. पुन्हा नवीन शोध.

हे सगळं वाचून ‘बदला, नाहीतर संपाल’ छापाचं पोस्टर मनात तयार व्हायला लागतं. मी ते होऊ देत नाही, कारण आपल्याला शिमानो दिसते, काई दिसते. १८७६ नंतर ज्याला चाकू जमला नाही, ज्याचं वय झालं होतं, ज्याच्याकडे नवीन साच्यांना पैसे नव्हते, त्याची वेबसाइट नाही. गाव तगलं म्हणजे गावातला प्रत्येक माणूस तगला असं नाही. ‘नवीन स्किल शिका, सगळं ठीक होईल’ असं कुणी सांगितलं की मला हे न दिसणारे लोहार आठवतात.

न कापणारा चाकू

आता थोडा वेळ इंग्लंडमध्ये जावं लागेल. शेफील्ड हे तिथलं चाकूंचं गाव. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली नावाचा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात यावर उपाय शोधत होता. तो पोलादात क्रोमियमचं प्रमाण बदलून पाहत होता. १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या पोलादात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. हे पोलाद आम्लाला दाद देत नव्हतं. बंदुकीचं राहू दे, याचे चाकू करू, हे ब्रिअर्लीला सुचलं. शेफील्डच्याच एका चाकू कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्टने व्हिनेगर लावून पाहिलं आणि ‘स्टेनलेस’ हे नाव सुचवलं.

सुरुवात मात्र वाईट झाली. पोलाद कडक होण्यासाठी ते तापवून झटकन थंड करावं लागतं. आपले लोहार याला ‘पाणी देणं’ म्हणतात. साध्या कार्बन पोलादाला साधारण ८०० अंश सेल्सिअस पुरतं. क्रोमियमवाल्याला १००० च्या वर जावं लागतं. शेफील्डच्या कारागिरांनी सवयीप्रमाणे काम केलं आणि चाकू फसले. शहरात ब्रिअर्लीची ओळख ‘न कापणारे चाकू शोधणारा माणूस’ अशी झाली.

या थट्टेमागे खरं रसायन होतं. पोलादाला कडकपणा देतो कार्बन. गंज अडवतं क्रोमियम: पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतं, तो ओरखडला तर हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा भरतो. पण क्रोमियमला कार्बन आवडतो. दोघं मिळून कार्बाइडचे कडक कण तयार करतात आणि त्यात अडकलेलं क्रोमियम गंजाविरुद्ध कामाला येत नाही. म्हणजे कार्बन वाढवला तर धार मिळते पण गंजाची भीती. कार्बन कमी ठेवला तर चाकू चमकतो पण लवकर बोथट होतो. स्वस्त स्टेनलेस चाकू दुसऱ्या बाजूचे. आपल्या प्रत्येकाच्या घरात त्यातला एक आहे: वीस वर्षं चकाकतोय आणि टोमॅटो चिरडतोय.

जपानमध्येही युद्धानंतर घरोघरी असे चाकू गेले. कार्बन पोलादाचा चाकू कांदा कापला तरी काळा पडतो, ओला ठेवला तर तासाभरात गंजाचे ठिपके दिसतात. रोज तीन वेळा स्वयंपाक करणाऱ्या बाईने न गंजणारा चाकू निवडला, यात तिचं काही चुकलं नाही. पण लोहाराच्या दृष्टीने ही १८७६ पेक्षा कठीण गोष्ट होती. तलवारीच्या वेळी गिऱ्हाईक गेलं होतं, कसब तेच चालत होतं. स्टेनलेसने कसबालाच हात घातला.

असं का, ते पाहू. जपानी पात्याची जुनी पद्धत म्हणजे कडक पोलाद आणि मऊ लोखंड भट्टीत तापवून, घणाने ठोकून एकजीव करणं. कडक भाग धारेला, मऊ भाग आधाराला. स्टेनलेस असं सहज जुळत नाही, कारण गंज अडवणारा तोच ऑक्साइडचा पापुद्रा दोन धातूंच्या मध्ये येतो. दुसरं, लोहार अंधाऱ्या खोलीत पोलादाचा रंग पाहून पाणी द्यायची वेळ ठरवतो. हे डोळ्याचं ज्ञान, वर्षानुवर्षं कमावलेलं. स्टेनलेसला जास्त तापमान, ते ठरावीक मिनिटं धरून ठेवणं आणि नेमकं थंड करणं लागतं. हे काम नियंत्रित भट्टी डोळ्यापेक्षा चांगलं करते. लोहाराची दोन मोठी कौशल्यं एकदम निकामी.

गंज एक, धार दुसरी

उत्तर आलं ते दोन दिशांनी. शिमाने प्रांतातलं यासुगी हे जुन्या पोलादाचं गाव. तिथल्या कारखान्यात वेगवेगळ्या पोलादांवर वेगवेगळ्या रंगाचा कागद चिकटवत, म्हणून नावं पडली पांढरा कागद, निळा कागद. ही कार्बन पोलादं. त्यांच्यातच रुपेरी कागद आला, म्हणजे साधारण १ टक्का कार्बन असलेलं स्टेनलेस. दुसरी दिशा विळ्यांच्या एचिझेनची. तिथल्या ताकेफू स्पेशल स्टील या कंपनीने कडक गाभा आणि बाहेरचे मऊ थर आधीच जोडलेली पत्र्याची शीटं बनवली. लोहाराला जे भट्टीत जमत नव्हतं, ते कारखान्याने करून दिलं. गाभ्यासाठी याच कंपनीचं व्हीजी-१० हे पोलाद जगभर माहीत झालं. यात कार्बन साधारण १ टक्का, क्रोमियम १५ टक्के, शिवाय थोडं कोबाल्ट, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम. ब्रिअर्लीच्या पोलादापेक्षा चौपट कार्बन, तरी स्टेनलेस.

म्हणजे जुनी कल्पना टिकली, कडक पोटात आणि मऊ बाहेर. ती करणारा हात बदलला. जोडकाम पोलादाच्या कारखान्याकडे गेलं, पाणी देणं भट्टीच्या कंट्रोलरकडे. १९८५ मध्ये त्सुबामेच्या एका कंपनीने कोमिन यामादा या डिझायनरकडून ‘ग्लोबल’ मालिका करून घेतली. मुठीपासून टोकापर्यंत स्टेनलेस, लाकडी मूठही नाही. एचिझेनच्या काही लोहारांनी १९९० च्या दशकात एकत्र येऊन ताकेफू नाइफ व्हिलेज नावाची सामायिक कार्यशाळा उभारली. तिथे नवीन मुलं काम शिकतात आणि पाहुण्यांना ते बघता येतं.

मग कारागिराकडे उरलं काय? पात्याची भूमिती. पाठीपासून धारेपर्यंत पातं किती आणि कसं पातळ करत न्यायचं, टोकाकडे किती, मध्ये किती, हे. चाकू कापतो की चिरडतो हे पोलादाच्या नावापेक्षा या पातळपणावर ठरतं. आणि उरलं धार लावणं.

इथे मला या इतिहासातली मुख्य गोष्ट सापडली. गंजणं आणि बोथट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेनलेसने पहिली सोडवली. दुसरी तशीच आहे, कारण धार प्रत्येक वापरात झिजते, मग पोलाद कुठलंही असो. ‘काळजी नको’ हे वचन जाहिरातीने दोन्हींसाठी दिलं, पोलादाने एकासाठीच दिलं होतं. साकाईतल्या तीन कारागिरांनंतर या कामाला चौथा लागतोच, आणि तो तुमच्या घरात राहतो.

टोकियोत कामानिमित्त दीड वर्ष होतो, तेव्हा काप्पाबाशीला गेलो होतो. उएनो आणि असाकुसाच्या मधली ही हॉटेलसामानाची पेठ. चाकूच्या दुकानात मी पोलादाबद्दल विचारायची तयारी करून गेलो होतो. दुकानदाराने आधी मलाच दोन प्रश्न विचारले. डावखुरे आहात का? आणि घरी धार कोण लावणार? दुसऱ्याचं उत्तर ‘मीच’ आल्यावर त्याने चाकूंच्या आधी दगड दाखवले.

निवडताना

डावखुऱ्याचा प्रश्न निरर्थक नव्हता. यानागिबा, देबा यांसारखे पारंपरिक चाकू एकाच बाजूने धारेचे असतात आणि सहसा उजव्या हातासाठी. ते मासळी कापणाऱ्या व्यावसायिकाचे. आपल्या घरी दोन्ही बाजूंनी धार असलेला १६५ ते १८० मिलिमीटरचा सान्तोकु किंवा, हात मोठा असेल आणि ओट्यावर जागा असेल, तर २१० मिलिमीटरचा ग्युतो. पालेभाज्याच जास्त होत असतील तर चौकोनी नाकिरी.

पोलादाचं नाव लिहिलेलं असावं: व्हीजी-१०, रुपेरी कागद म्हणजे गिनसान, किंवा तशा दर्जाचं दुसरं. नुसतं ‘जपानी स्टाइल’, ‘हाय कार्बन’ लिहून गाभ्याचं नाव नसेल तर पुढे जा. कडकपणा रॉकवेल मापात ६० च्या आसपास असतो. जर्मन चाकू साधारण ५६-५८. हा फरक धार जास्त दिवस टिकवतो आणि पात्याला ठिसूळही करतो.

पात्यावरच्या लाटांच्या नक्षीला भुलू नका. ती बाहेरच्या थरांची असते, ३३ असोत की ६७. कापतो तो मधला गाभा, आणि तो एकच असतो. नक्षी आवडली तर जरूर घ्या, दागिना म्हणून घ्या. मूठ जपानी अष्टकोनी लाकडी असो की रिव्हेटची पाश्चात्त्य, हातात धरून पाहता आली तर उत्तम.

आपल्या घरातल्या सवयींचा विचारही आधीच करायला हवा. आजीच्या विळीवर पातं स्थिर असतं आणि भाजी हलते. ते पातं जाड, दणकट. त्यावर लाल भोपळा दाबून फिरवला, सुरण फोडला, तरी विळी तक्रार करत नाही. तीच मनगटाची पिळवट जपानी चाकूला दिली तर धारेतून नखाएवढा टवका उडतो. नारळ, फणस, कैरीची कोय, हाडं, फ्रीझरमधलं गोठलेलं मांस या चाकूचं काम नाही. विळी, कोयता किंवा जुना जाड सुरा घरात राहू द्या.

सांभाळताना

स्टेनलेस गंजत नाही असं नाही, त्याला गंजायला जास्त कारण लागतं. मीठ हे ते कारण. क्लोराइड ऑक्साइडच्या पापुद्र्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतं आणि पातं ओलं राहिलं तर तिथे गंज खोल जातो. लिंबू, चिंच, आमसूल, मिठाचं मांस कापून चाकू सिंकमध्ये रात्रभर ठेवू नका. लगेच मऊ स्पंजने धुवा, फडक्याने पुसा, सुकवून ठेवा. डिशवॉशरमध्ये घालू नका: गरम, खारट, अल्कलाइन पाणी, भांड्यांवर आपटणारी धार आणि फुगणारी लाकडी मूठ, तिन्ही नुकसानं एकाच फेरीत.

कापायला लाकडी किंवा रबरी बोर्ड. काचेचा नको, ग्रॅनाइटच्या ओट्यावर तर नकोच. चिरलेलं ढकलताना पातं उलटं करून पाठीने ढकला. ड्रॉवरमध्ये चमच्यांबरोबर सुटा टाकू नका.

आणि दगड. सुरुवातीला १००० ग्रिटचा एक पुरे. पुढे ३००० ते ६००० मधला एक घ्या, टवका उडाला तर ४०० लागेल. पाण्यात भिजवायचा की नुसता ओला करायचा हे त्या दगडावर अवलंबून, बॉक्सवर लिहिलेलं असतं. कोन साधारण १५ अंश. कोनमापक नको, शाळेतली त्रिकोणमिती पुरते: पातं साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून जवळजवळ १.२ सेंटिमीटर वर धरा. तिथे बोट ठेवून उंची पक्की करा. हलक्या दाबाने, टाचेपासून टोकापर्यंत, एकाच बाजूला घासत राहा. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला, काठाला, अगदी बारीक तारेसारखं खरखरीत लागेल. म्हणजे तुम्ही धारेच्या टोकापर्यंत पोचलात. बाजू बदला, पुन्हा तेच, मग दाब कमी करत ती तार काढून टाका. टोमॅटोची साल पात्याखाली दबायला लागली की पुन्हा दगड काढायची वेळ झाली.

गल्लीत येणाऱ्या धारवाल्याचं चाक विळीला, कात्रीला ठीक आहे. या चाकूला नाही. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते आणि कारखान्यात मोजूनमापून दिलेलं पाणी उतरतं. खोबणीच्या जाड रॉडवर ओढणंही टाळा, ठिसूळ धारेला टवके पडतात.

हे सगळं महिन्या-दोन महिन्यांतून अर्ध्या तासाचं काम आहे. पहिल्या चार वेळा हात अडखळतो, नंतर कान शिकतो. दगडाचा आवाज बदलला की कोन हलला हे कळायला लागतं. माझ्या कामात असं काही उरेल का, जे दुसऱ्या कुणाला सोपवता येणार नाही, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. दगडाने दिलेलं नाही, आणि ते त्याचं कामही नाही. चाकूपुरतं मात्र माहीत आहे.

जपानी भाषेत स्वयंपाकाच्या चाकूला ‘होचो’ म्हणतात. हा शब्द चीनमधून आला. च्वांग-त्झूच्या प्राचीन ग्रंथात डिंग नावाचा एक आचारी आहे. एकोणीस वर्षं वापरूनही त्याचं पातं नुकतंच दगडावरून उचलल्यासारखं, कारण तो हाडांवर घाव घालत नाही, सांध्यांमधल्या फटीतून पातं नेतो. त्याच्यावरून होचो म्हणजे आधी आचारी. त्याच्या हत्याराला म्हणत होचो-गाताना, आचाऱ्याचं पातं. पुढे बोलता बोलता ‘पातं’ गळून गेलं आणि माणसाचं नाव चाकूला राहिलं.

बजेट कितीही असो, त्यातला पाचवा हिस्सा दगडासाठी बाजूला काढा. उरलेल्या पैशांत जो बसेल तो चाकू घ्या.